कुंकू, प्रसाद, तेरावा : नव्या विश्वासणाऱ्यांनी काय सोडायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात वाघोलीच्या बाजूला तुमच्या घरी रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण प्रार्थनेला जमतात. निम्मे बीड-जालन्याकडून कामासाठी आलेले, घराण्यात पहिल्यांदाच ख्रिस्ताकडे वळलेले. बाकीच्यांत केरळच्या दोन नर्स, नागालँडचा एक विद्यार्थी आणि आयटीतली काही मुलं. एका बाईंचा बाप्तिस्मा ठरलाय आणि कोणीतरी त्यांना सांगितलंय की आधी कुंकू-मंगळसूत्र उतरवा. एकाचे वडील खूप आजारी आहेत, हा थोरला मुलगा, आणि तेराव्याला काय करायचं ते आत्ताच विचारतोय. शिवाय शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद, गाणी ढोलकीवर की गिटारवर, आणि एका मुलाच्या जातीच्या दाखल्याचं काय, हे तीन प्रश्न. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘काय चालतं आणि काय चालत नाही, एकदा यादीच द्या.’

प्रत्येक गोष्टीवर माझं मत खाली स्पष्ट लिहितो. पण ते यादी म्हणून भिंतीवर लावू नका. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि नंतर पुण्यात पाळकाचं काम करताना मी अशा याद्या पुष्कळ पाहिल्या. त्या कोणीतरी दुसऱ्याने, दुसऱ्या लोकांसाठी केलेल्या असतात. मंडळ्या, म्हणजे एकेका ठिकाणची चर्चं, फुटतात त्याही बहुतेक वेळा निर्णय चुकला म्हणून फुटत नाहीत. ज्याच्या घरात तो निर्णय जाऊन पडणार होता, त्यालाच कोणी विचारलेलं नसतं.

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक घ्या, अध्याय १५ काढा आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. इसवी सन ४९ च्या सुमारास हाच प्रश्न यरुशलेमेत आला होता. अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, लोक येशूवर विश्वास ठेवू लागले होते आणि यहूदियातून आलेले काही जण त्यांना बजावत होते की सुंता केल्याशिवाय तारण नाही. त्या लोकांना कट्टर म्हणून हसण्यावारी नेऊ नका. सुंता ही अब्राहामापासून चालत आलेली कराराची खूण होती आणि त्यांच्या हातात त्यासाठी लिखित वचन होतं. असं असूनही सभेत काय झालं पाहा. आधी पुष्कळ वाद झाला. मग पेत्राने कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी काय घडलं, तिथल्या लोकांनी कसा विश्वास ठेवला, ते सांगितलं. मग सगळे गप्प बसले आणि परराष्ट्रीयांत देवाने काय केलं ते बर्णबा आणि पौल यांच्याकडून ऐकलं. त्यानंतर याकोबाने संदेष्ट्यांचं वचन काढलं आणि निकाल दिला : सुंता लादायची नाही. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म एवढं टाळावं. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी जेवणाच्या आहेत, कारण यहूदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसायचे होते. हा पंगतीचा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गंमत म्हणजे लगेच पुढच्या अध्यायात पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याची सुंता करवतो, कारण त्या भागातल्या यहूद्यांत त्याला सोबत घेऊन फिरायचं होतं. तीत या दुसऱ्या सोबत्याच्या बाबतीत मात्र, गलतीकरांस पत्रात, तोच पौल अजिबात नमत नाही. विधी एकच आणि निर्णय उलट. तीमथ्याच्या वेळी तो लोकांपर्यंत पोचण्यासाठी होता, तीताच्या वेळी तीच गोष्ट तारणाची अट म्हणून मागितली जात होती. तुमच्या गटातला प्रत्येक प्रश्न याच जातीचा आहे : वस्तू तीच राहते, पण कोण मागतोय आणि कशासाठी मागतोय यावर उत्तर बदलतं.

याला कामाची पद्धत म्हणून मांडलं ते पॉल हिबर्ट यांनी. हे १९३२ साली तेलंगणात शमशाबादला जन्मलेले, मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांच्या घरातले, पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाले. त्यांचं सांगणं सोपं आहे आणि करायला अवघड. एखाद्या प्रथेचा प्रश्न आला की आधी ती प्रथा पाळणाऱ्यांकडूनच तिची सगळी माहिती घ्यायची, आणि त्या वेळी चूक-बरोबर काहीही बोलायचं नाही. मग त्या विषयावर सगळ्यांनी मिळून वचन, म्हणजे बायबल, वाचायचं. मग निर्णय त्या लोकांनी करायचा, पाळकाने नाही. आणि जे सोडलं त्याच्या जागी काय, हेही त्यांनीच घडवायचं. आमच्याकडे पहिली पायरी नेहमी गाळली जाते. मुंबईचा किंवा केरळचा वक्ता येतो, पंधरा मिनिटांत कुंकवावर निकाल देतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. बाई मात्र सासरी राहते.

तर कुंकू. आमच्या गावांत सवाष्ण बाईने कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र काढलं याचा अर्थ एकच होतो, आणि तो सासूला सांगावा लागत नाही. तुम्ही त्या बाईंना ‘मूर्तिपूजा सोडा’ म्हणून सांगताय आणि घरात ऐकू येतं ‘नवरा मेलेला बरा’. हे त्या नवऱ्याला विश्वासापासून आणखी दूर ढकलणं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारा नवरा राहायला तयार असेल तर त्याला सोडू नको, असं स्पष्ट लिहिलंय. मंगळसूत्राचं तर मला कोडंच वाटतं, कारण मराठी ख्रिस्ती घरांत क्रूस ओवलेलं मंगळसूत्र सर्रास दिसतं आणि तुमच्या गटातल्या केरळच्या नर्सना विचाराल तर त्यांच्याकडच्या सिरियन ख्रिस्ती (केरळचा जुना ख्रिस्ती समाज) लग्नात मिन्नू नावाचं मंगळसूत्रच बांधतात, तेही क्रूस असलेलं. म्हणून माझं मत : बाप्तिस्म्याची अट म्हणून यातलं काहीही काढायला लावू नका. त्या बाईंना स्वतःला, उदाहरणार्थ, कुंकू एखाद्या देवीच्या नवसाशी बांधलेलं वाटत असेल आणि ते लावणं त्यांच्याच मनाला खात असेल, तर त्या आपल्या वेळेने ठरवतील. आधी नवऱ्याशी बोलून.

पण एवढ्यावर सोडू नका. कुंकवाच्या प्रथेत बायबलला खरोखर खुपणारी गोष्ट सवाष्णीच्या कपाळावर नाही, विधवेच्या रिकाम्या कपाळावर आहे. हळदीकुंकवाला तिला बोलवत नाहीत, लग्नात ती मागे उभी राहते. विधवांची काळजी हा तर बायबलचा पहिल्यापासूनचा आग्रह. एका मंडळीत बायकांनी आपसांत ठरवलं की आमच्या लग्नात नवरीला पहिली हळद विधवा बाई लावेल. कोणा पाळकाने सुचवलेलं नव्हतं. त्यावरून गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या कुठल्याच प्रवचनावर झालेली नाही.

बाहेरच्यांनी याद्या केल्या की काय होतं ते गोव्याच्या इतिहासात पाहा. जेझुइट या कॅथलिक संघातले इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले, साष्टीत राहिले, भाषा शिकले आणि ओवी छंदातलं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापून झालं, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं. त्या ग्रंथातच त्याच्या जन्माची हकीकत आहे : नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला नवी का देत नाही? मागणी लोकांतून आली, ग्रंथ त्यातून झाला आणि पिढ्यान् पिढ्या तो चर्चमध्ये वाचला गेला. त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयचा हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. १७३६ मध्ये इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, फर्मान निघालं आणि त्यात लग्नातल्या ओव्या, हळद, पानविडे, धोतर, चोळी यांच्यावर बंदी आली. आज काय दिसतं? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी नारळाच्या दुधाचा रोस लावतात, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या मराठी कॅथलिक) घरांत हळदही आहे आणि उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जाणंही. फर्मानाने प्रथा मेल्या नाहीत, फक्त त्यांच्यावर वचन उघडून बोलायची संधी गेली. जी गोष्ट चोरून करावी लागते तिच्यावर मंडळीत चर्चा कशी होणार?

पंडिता रमाबाईंचंही इथे आठवतं. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाई म्हणाल्या, मला आणि माझ्या लोकांना लॅटिन येत नाही, संस्कृत का नको? शाकाहारही त्यांनी सोडला नाही आणि तो सोडत नाही म्हणजे जुना अभिमान अजून गेला नाही, असं तिथल्या काहींना वाटलं. पुढे याच बाईंनी केडगावला दुष्काळातल्या, कुठल्याकुठल्या जातींच्या मुलींना पोटाशी धरलं. नव्या विश्वासणाऱ्याच्या ताटाकडे बघून त्याच्या हृदयाचं माप घेण्याची घाई करू नये, एवढं रमाबाईंच्या त्या काळच्या पत्रव्यवहारातून मी शिकलो.

प्रसादावर तुम्ही सर्वांत जास्त लिहिलंय, मी मोजकंच लिहितो, कारण पौलाने तीन अध्याय खर्च केलेत : करिंथकरांस पहिलं पत्र, ८ ते १०. तिथे तीन वेगळ्या जागा आहेत. बाजारातलं मांस : कुठून आलं ते विचारत बसू नका, खा. कोणाच्या घरचं जेवण : वाढलेलं खा, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि मूर्तीच्या पूजेतली प्रत्यक्ष पंगत : तिथे बसणं प्रभूच्या मेजाशी, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाशी, जुळत नाही. सत्यनारायणाचा शिरा दुसऱ्या जागेत मोडतो, कारण तो ‘प्रसाद’ म्हणूनच हातावर ठेवला जातो. मी स्वतः घेत नाही. पण नकार कसा द्यायचा याचीही रीत आहे. ऐन पूजेत सगळ्यांसमोर हात मागे घेतला तर शेजारीण दुखावते आणि तिथे ख्रिस्ताविषयी काही समजत नाही, आपल्या तुसडेपणाविषयी समजतं. आदल्या दिवशी जाऊन सांगा, ‘ताई, आम्ही प्रसाद घेत नाही, राग मानू नका, पण खुर्च्या लावायला येतो आणि चहा तुमच्याकडेच घेऊ.’ खरंच जा आणि खुर्च्या लावा. तुमच्या गटात कोणी अंगात येण्याच्या, देवीच्या धाकात वाढलेली बाई असेल तर तिच्यासाठी तो नुसता रवा-साखर-तूप नाही. आयटीतल्या मुलांना खुशाल वाटत असेल की मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्लं तर काय बिघडलं. पौलही म्हणतो, मूर्ती काही नाही. तरी तो विश्वासात अजून कच्च्या असलेल्यांकडे बघून स्वतःचा हात आखडता घेतो. इतरांनी काय खाल्लं याची चौकशी मात्र गटात सुरू होऊ देऊ नका, ती एकदा सुरू झाली की थांबत नाही.

तेराव्याचा प्रश्न माझ्या मते सर्वांत जड आहे आणि त्याला वेळही थोडा उरलाय. थोरल्या मुलाने पिंडदान केलं नाही तर बापाला गती मिळत नाही, असं आईला मनापासून वाटतं. ती मुलावर रागावत नाहीये, ती नवऱ्यासाठी घाबरतेय. हे समजून न घेता ‘आम्ही हे मानत नाही’ म्हणणं क्रूर आहे.

कोरियात हा प्रश्न रक्ताने लिहिला गेलाय. १७९१ मध्ये युन जी-चुंग नावाच्या कॅथलिक गृहस्थाने पूर्वजांच्या स्मृतिपाट्या जाळल्या आणि आईच्या मृत्यूनंतरचे विधी केले नाहीत, म्हणून त्याला मृत्युदंड झाला. रोमने, म्हणजे पोपने, त्या काळात चीन-कोरियाकडच्या पूर्वजविधींना मनाई केली होती, आणि तीच मनाई १९३९ मध्ये बरीचशी सैल केली. मधल्या काळात मेलेल्यांना आपण काय सांगायचं? मी त्या गृहस्थाला वेडा म्हणणार नाही, त्याने स्वतःच्या विवेकाची किंमत मोजली. पण मला उपयोगी वाटते ती कोरियन प्रोटेस्टंट लोकांनी पुढे काढलेली वाट. पूर्वजांपुढे ताट मांडून साष्टांग नमस्कार नाही, पण त्याच दिवशी, त्याच घरात, सगळं कुटुंब जमवून स्मरणाची उपासना. वडिलांचं आयुष्य आठवायचं, देवाचे आभार मानायचे, मग एकत्र जेवायचं. मुलगा बापाला विसरला नाही हे भावकीला दिसतं. आमच्याकडेही स्मरणार्थ उपासना होतेच, पण बहुतेकदा ती मंडळीपुरती असते आणि भावकी बाहेर राहते. भावकीसाठीच करायची असते.

त्या मुलाला माझा सल्ला असा. वडील जिवंत आहेत तोवर आजच भावांना आणि आईला सांग की पिंड मी देणार नाही, हात धाकट्याचा लागू दे. हे ऐनवेळी स्मशानात सांगायची गोष्ट नाही. बाकी सगळं मात्र तू कर : दवाखान्याच्या रात्री, खांदा, लाकडांचा खर्च, आलेल्यांची उठबस, आईचं औषधपाणी आणि नंतरचं तिचं सगळं. तेराव्याला घरी राहा, पंगत वाढ. मग त्याच महिन्यात स्मरणाची उपासना ठेव आणि चुलत्यांना पुढच्या रांगेत बसव. पिता-माता यांचा मान राखण्याची आज्ञा बाप्तिस्म्याने कमी होत नाही, उलट आता तिचा हिशेब भावकी जास्त बारकाईने ठेवणार.

यावर गटातला एखादा कडक माणूस म्हणेल की विधी चाललेल्या घरात उभं तरी का राहायचं. त्याला २ राजे ५ वाचायला द्या. अरामी सेनापती नामान बरा होऊन परमेश्वराचा भक्त होतो आणि संदेष्टा अलीशाला विचारतो की माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकला तर मलाही वाकावं लागेल, याची क्षमा होईल का. अलीशा ‘चालेल’ म्हणत नाही, ‘नोकरी सोड’ही म्हणत नाही. शांतीने जा, म्हणतो. त्यावरून सरसकट परवाना काढू नये, पण जो माणूस स्वतःहून अस्वस्थ होऊन विचारतोय त्याच्याशी संदेष्टा किती हळुवार बोलतो ते पाहण्यासारखं आहे.

गाण्यांचं भांडण त्यामानाने हलकं वाटतं, पण त्याच्या तळाशी वेगळीच गोष्ट निघते. ढोलकी-टाळांवरची ख्रिस्ती गाणी ही काही आजची टूम नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं आणि तिथल्या कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. मग कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली आणि आजही ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चचं गीतपुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचंच नाव. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनपासून वेगळं होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना जागा दिली. त्यातलं बाप्तिस्म्याबद्दलचं मोकळेपण मला पूर्ण पटत नाही. परदेशी पैशावर आणि परदेशी सोयीवर उभी राहिलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधी येणार, हा त्यांचा प्रश्न मात्र अजून आपल्या दारात उभा आहे.

म्हणून ‘भारतीय उपासना म्हणजे अभंग’ असं सोपं समीकरण तुम्ही मांडाल, तर थांबा. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी हेच समीकरण उलगडून दाखवलं. त्यांचा रोख असा होता की भारतीय ख्रिस्ती धर्मविचार म्हणून जे काही पुढे आलं ते बहुतांशी ब्राह्मणी परंपरेशी बोलत राहिलं, आणि मंडळ्यांत बसलेली बहुसंख्य माणसं तर दलित. दलित धर्मविज्ञान नावाचा प्रवाह तिथून वाहू लागला. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस ‘माझा बाप भटका अरामी होता’ म्हणून आपली कबुली सुरू करतो. निर्मल यांनी त्याच साच्यात आपल्या दलित पूर्वजांची कहाणी सांगितली. तुमच्या गटातल्या बीडच्या माणसाला ‘चरणरज’, ‘गुरुराया’ असली पदं आपली वाटतील असं गृहीत धरू नका. त्याच्या आजीची जात्यावरची ओवी वेगळी होती, वस्तीवरची हलगी वेगळी होती. हलगी उपासनेत आणायची त्याला लाज वाटत असेल, तर ती लाज कोणी दिली हा आधी बोलण्याचा विषय आहे. तुमच्या नागा विद्यार्थ्याच्या ईशान्य भारतातलंच एक उदाहरण आहे : मिझोराममध्ये सुरुवातीच्या काळात त्यांचा ढोल, खुआंग, चर्चबाहेर होता. धार्मिक जागृतीच्या लाटा आल्या तसा तो आत आला, आणि आता ढोलाशिवाय तिथलं गाणं कल्पनेतही येत नाही. आणि गिटार? आयटीतल्या मुलांची ती खरीच भाषा आहे, वाजवू द्या. फक्त आवाज इतका ठेवा की बीडच्या बाईंचं गाणं ऐकू येईल.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते जो प्रश्न या सगळ्यांच्या आधी यायला हवा, तो. मूळ प्रश्नात कुंकू, प्रसाद, तेरावा, गाणी आलं. गटातली माणसं एकमेकांच्या घरी जेवतात का, हे आलं नाही. मराठवाड्यातून आलेल्यांत एकाच वस्तीतले सगळे आहेत की मातंग, महार, मराठा, धनगर असे मिश्र आहेत? लग्नं जुळवायची वेळ आली की कोण कुणाकडे बघतं?

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल पेत्राला चारचौघांत सुनावतो, ते पंगतीवरून. यरुशलेमेहून माणसं आली तसा पेत्र परराष्ट्रीयांच्या ताटावरून उठला. पौल म्हणतो, हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. कपडे, वाद्य, दागिने यांवरून पौल असा तुटून पडलेला मला कुठे सापडत नाही.

संस्कृतीशी जुळवून घेताना नेमकं इथेच घसरायला होतं, याचं मोठं उदाहरण मदुरैचं. इटालियन जेझुइट रोबेर्तो दी नोबिली १६०६ मध्ये तिथे पोचले, भगवी वस्त्रं, शाकाहार, तमिळ-संस्कृतचा व्यासंग, सगळं मनापासून केलं. शेंडी, जानवं, गंध चालेल का यावर मोठा वाद झाला आणि १६२३ मध्ये पोपने परवानगी दिली. त्यांच्या विद्वत्तेपुढे मी वाकतो. पण त्या पद्धतीत वरच्या जातींसाठी वेगळे मिशनरी आणि खालच्यांसाठी वेगळे अशी व्यवस्था उभी राहिली आणि जात ही निव्वळ सामाजिक रीत म्हणून चर्चच्या आत येऊन बसली. जानव्याला परवानगी देता येईल की नाही यावर विद्वानांना वाद घालू द्या. वेगळ्या पंगतीला देता येत नाही.

उलट बाजूला नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पुढे त्या त्यांच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच होता. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या सांगतात की स्वतःच विचार करता करता जात ही माणसांनी केलेली गोष्ट आहे हे त्यांना उमगलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आधी जात सुटली, मग पाणी लागलं. आमच्या मंडळ्यांत क्रम बहुतेक उलटा असतो आणि दुसरी पायरी कधी येतच नाही. तुमच्या गटात पुढच्या महिन्यापासून जेवण प्रत्येक घरी फिरतं ठेवा, बाहेरून मागवलेलं नको, त्या घरच्या चुलीवरचं. कोण येत नाही, कोण ‘जेवून आलोय’ म्हणतं, ते बघा. शिष्यत्वाचा पाठ तिथून सुरू करा.

केरळच्या नर्स आणि नागा विद्यार्थी यांना ‘पाहुणे’ म्हणून ठेवू नका, त्यांचा उपयोग मोठा आहे. घरातल्याला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं आणि त्यांच्याकडचं तुम्हाला. नागा घरात मद्य निषिद्ध मानणं हे विश्वासाचं लक्षण असतं, तर केरळकडे भाषेचा आणि चर्चच्या जुनेपणाचा अभिमान असतो. त्यांनाही विचारा की यातलं सुवार्तेचं किती आणि घरचं किती. घाई मात्र करू नका. आफ्रिकेत अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा द्यावा का, यावर अँग्लिकन बिशपांच्या लांबेथ परिषदेने १८८८ मध्ये ‘नाही’ म्हटलं आणि १९८८ मध्ये अटींवर ‘हो’ : यापुढे लग्न करायचं नाही, पण आहेत त्या बायकांना टाकायला कोणी भाग पाडायचं नाही. मधल्या शंभर वर्षांत विश्वासासाठी घराबाहेर काढलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या बायका आणि त्यांची मुलं कुठे गेली असतील, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता. तुमच्या कुंकवाच्या नियमाचंही तेच : नियम मोडला किंवा पाळला तर रस्त्यावर कोण येईल, ते आधी पाहा.

राहिला जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. म्हणजे तो मुलगा बाप्तिस्मा घेऊन तसं जाहीर करतो तेव्हा शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांवर थेट परिणाम होतो. जात मात्र धर्म बदलला म्हणून गावात पुसली जात नाही, हा अन्याय आहेच आणि त्यावर ख्रिस्ती संघटना वर्षानुवर्षं दाद मागताहेत. त्याला खोटं लिहायला सांगू नका. ‘विश्वास असेल तर सवलत सोड’ असं व्यासपीठावरून ऐकवूही नका, विशेषतः ज्यांची स्वतःची फी त्यांच्या बापाने भरली त्यांनी. आधी एखाद्या जाणकार वकिलाकडून त्याला नेमके परिणाम समजावून द्या. त्याच्या आईवडिलांना त्या बैठकीला बोलवा. आणि त्याने कागदावर ख्रिस्ती म्हणून नाव लावायचं ठरवलं, तर बुडालेल्या शिष्यवृत्तीची रक्कम गटाने वर्गणी काढून भरायची तयारी आहे का, हे त्याला विचारण्याआधी बाकीच्यांना विचारा.